१७ सप्टेंबरच्या आधी आणि नंतर

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाडाभर झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ते व्हायलाच हवं. हैदराबादच्या निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेने गावं लुटली, जाळली, माणसं मारली. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरचं कॉलेज १९४६ मध्ये मारल्या गेलेल्या गोविंदराव पानसरे यांचं नाव आजही सांगतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक निजामाविरुद्ध लढले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. जुनी माणसं अजूनही याला ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात.

त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, हे मात्र व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. सूड उगवला गेला, आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशी मुसलमान घरं त्यात उद्ध्वस्त झाली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अंदाज: किमान २७ ते ४० हजार बळी. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड हे आपले दोन. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा, आणि त्याच्या करणीची किंमत गावातल्या मुसलमानांनी मोजली. अहवाल सांगतो, लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली, हजारावर माणसं मेली, आणि सुमारे दहा हजारांतले जेमतेम तीन हजार मुसलमान तिथे उरले होते.

याच अहवालात हिंदू विणकरांचीही नोंद आहे. काही ठिकाणी त्यांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. ही माणसं कुठली, त्यांची नावं काय, हे आपण शोधायला हवं होतं. अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट हाताशी असून आपण ती गमावली.

रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. सुंदरलाल अहवाल सरकारने प्रसिद्धच केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत अभ्यासकांना पाहायला मिळू लागला, तोवर साक्षीदारांची एक अख्खी पिढी गेली होती. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. लातूर, धाराशिव, नांदेडच्या कॉलेजांतल्या इतिहास विभागांनी दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन या वर्षीच त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात.