बाळाला दात येणे

दुधाचे दात हिरडीतून वर येण्याची क्रिया आणि त्या दिवसांत बाळाची घ्यायची काळजी. दुधाचे दात एकूण 20. त्यांचे अंकुर बाळ पोटात असताना दुसऱ्या महिन्यातच धरू लागतात. आधी येतात ते खालचे मधले दोन, बहुधा सहाव्या ते दहाव्या महिन्यात. मग वरचे मधले, त्यांच्या शेजारचे, वर्षानंतर पहिल्या दाढा, पाठोपाठ सुळे आणि तीन वर्षांच्या आत-बाहेर शेवटच्या दाढा. कुणाला चौथ्या महिन्यात दात दिसतो, तर कुणाचे पहिल्या वाढदिवसालाही बोळकेच असते. दीड वर्ष झाले तरी एकही दात नसेल तर बालदंतवैद्याला दाखवावे.

खरा त्रास दात फुटण्याआधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे साधारण तेवढेच. हिरडी लाल होऊन फुगते, बोट फिरवले की आतली टणक कड लागते. बाळ किरकिरते, हाताला लागेल ते चावते, रात्री उठते. हिरडीवर निळसर फुगवटा दिसला तर टोचू नये. दात वर आला की हा फुगवटा आपोआप फुटतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारी लाळ मात्र सहसा दाताची नसते: लाळग्रंथी कामाला लागलेल्या असतात आणि गिळणे अजून जमत नसते.

‘दाताचा ताप’, ‘दाताचे जुलाब’ हे शब्द घरोघरी आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथातही दात येणे हे सर्व रोगांचे कारण म्हटले आहे, आणि दात आले की हे त्रास स्वतःहून शमतात, असेही. घोटाळा इथेच होतो. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारे रक्तातले घटक) ओसरतात, त्याच सुमारास बाळ रांगू लागते आणि जमिनीवरचे सगळे तोंडात घालते. आजार येतो तो जंतूंमुळे. दाताने अंग थोडे कोमट लागेल, पण 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, दूध न पिणे ही दाताची लक्षणे नव्हेत. जुलाबात ओआरएस आणि अंगावरचे दूध चालू ठेवून डॉक्टरांना गाठावे. ‘दात येतायत’ म्हणून वाट पाहण्यात बाळ सुकते.

उपाय साधे आहेत. हात धुऊन, नख कापलेल्या बोटाने हिरडी मिनिटभर चोळावी. स्वच्छ सुती फडके ओले करून, पिळून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस मिनिटे ठेवावे आणि एक टोक आपल्या हातात धरून चघळायला द्यावे. रबरी चोखणीही तिथेच गार करावी. फ्रीझरमध्ये दगड झालेली चोखणी हिरडीला इजा करते. लाळेरे भिजले की बदलावे, हनुवटी पुसायची नाही, टिपायची, आणि झोपण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर लावायचा.

फारच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून. चूक होते ती बाटलीत. आपल्याकडच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 120. आठ किलोच्या बाळाला सिरपचे 5 मिलिलिटर ठीक; तेवढेच थेंबांच्या बाटलीतून गेले तर 500 मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त.

टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही मधात कालवून हिरडीला लावण्याची रीत सोडावी. टाकणखार विषारी आहे आणि मधातून वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम ही जंतूंच्या विषाने होणारी गंभीर बाधा होऊ शकते. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनयुक्त जेलही दोन वर्षांखाली नकोत. त्यांनी रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. खारीक चघळायला देतात, पण ती भिजून मऊ झाली की तुकडा तुटून घशात अडकतो. कच्च्या गाजराचेही तेच. गळ्यात मण्यांची माळ घालू नये, झोपेत फास बसतो.

पाजताना बाळ चावले तर हिसका देऊन ओढू नये. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवली की पकड सुटते. चावणे बहुधा पोट भरल्यावर, चोखणे थांबल्यावर होते. तेव्हाच बाजूला घ्यावे. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री.