विदेशी चामड्यांची पारख

मगर, शहामृग, अजगर, पाकट मासा अशा प्राण्यांच्या कमावलेल्या कातड्याला चर्मव्यापारात ‘एक्झॉटिक लेदर’ म्हणतात. त्याचा भाव मुख्यतः नैसर्गिक नक्षी किती अखंड आहे यावर ठरतो.

सर्वांत महाग मगरवर्गाचे कातडे. पाठीवरच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असल्याने उंची वस्तूंसाठी पोटाचाच भाग घेतात आणि त्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतात. प्रत ठरवणारा कातडे उजेडात पसरून ओरखडे, चाव्याचे व्रण, भोके शोधतो. दोष कडेला असेल तर फारसे बिघडत नाही. मधोमध असेल तर प्रत उतरते, कारण पर्सचा दर्शनी भाग तिथूनच कापायचा असतो. मगरी आपसांत भांडून कातडे खराब करतात, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मगरपालन केंद्रांत विक्रीयोग्य मगरी अनेकदा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात.

बारीक, एकसारख्या खवल्यांमुळे खाऱ्या पाण्यातल्या मगरीला (ओडिशातल्या भितरकनिकात राहते तीच जात) पहिला मान. खऱ्या मगरीच्या (‘क्रोकोडाइल’) पोटावरच्या खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो; ते संवेदी इंद्रिय. अमेरिकन ॲलिगेटर या मगरवर्गातल्याच प्राण्याच्या पोटावर हे ठिपके नसतात, पण नाळेचा जाळीदार व्रण ठळक असतो. केमन या मगरवर्गातल्या आणखी एका प्राण्याच्या पोटाच्या खवल्यांतही हाड असते. त्यामुळे ते कातडे ताठ राहते, दुमडल्यावर तडकते आणि रंग असमान घेते. ते स्वस्त असते आणि बेधडक ‘क्रोकोडाइल’ म्हणून खपवले जाते. चकाकीवर भुलू नये: ती अकीक दगडाने घोटून आणलेली असते आणि पाण्याच्या थेंबाने डागाळते.

शहामृगाच्या कातड्यावर पिसे उपटलेल्या जागी फुगीर गाठी असतात. त्या पाठीवरच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या पट्ट्यातच दाट असतात; म्हणून आख्खी पर्स सारख्या गाठींची असेल तर किंमत चढते. अस्सल गाठीच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि गाठींचे अंतर कमीजास्त असते. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहोर्न हे या धंद्याचे जुने केंद्र.

अजगराचे कातडे पोटाकडून चिरले तर पाठीची नक्षी मधोमध येते, पाठीकडून चिरले तर पोटाचे रुंद खवले. कागदासारखे पातळ असल्याने खवल्यांच्या कडा वापराने उचलल्या जातात. बोट उलट्या दिशेने फिरवले की ते लगेच कळते. पाकटाच्या कातड्यावरचे मणी दंतद्रव्याचे असल्याने ते फार टिकाऊ असते. जपानी तलवारींच्या मुठींना ते गुंडाळत.

नकलेत म्हशीच्या वा बकऱ्याच्या चामड्यावर गरम साच्याने ठसा उमटवतात. साचा ठरावीक अंतरावर तोच तो खवला परत देतो. खऱ्या कातड्यात दोन खवले जुळत नाहीत. खरे कातडे खवल्यांमधल्या मऊ खाचेत वाकते, ठशाचे मात्र खवल्यावरच सुरकुतते.

भारतात मगर व अजगर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षित आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांच्या आयातीवर 2017 पासून बंदी आहे. परदेशात रीतसर विकल्या जाणाऱ्या मगरीच्या प्रत्येक कच्च्या कातड्याला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटीस’ कराराचा क्रमांकित टॅग असतो. तो कातड्याचा कायदेशीर उगम सांगतो. प्रत किती ते पारखणाऱ्यालाच पाहावे लागते.