गळ, शिशाचा ठसा आणि दहाचा पाना

आमच्या गावी गळ एकाच घरी असायचा. लोखंडाची कडी, तिला चारी बाजूंनी आकडे, दोर ज्याचा त्याने आणायचा. कुणाची बादली विहिरीत पडली की पोराला पिटाळायचे, जा रे गळ मागून आण, आणि तो येईपर्यंत मोठी माणसं काठावर आरसा घेऊन उन्हाचा कवडसा पाण्यात पाडत बसायची, बादली कुठल्या अंगाला आहे, कडी वर आहे की बादली पालथी पडलीय ते बघायला. लहानपणी मला गळ टाकायची मजा वाटायची, आरशाचं काम कंटाळवाणं वाटायचं. गेल्या महिन्यात गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल सोडवताना माझ्या हातातून दहाचा पाना निसटला, बॅटरीच्या ट्रेखाली कुठंतरी खणखण करत गेला आणि आवाज बंद झाला, तेव्हा कळलं की खरं काम आरशाचंच असतं.

हात पोचत नाही अशा जागेतून पडलेली वस्तू काढणं हा तेलाच्या विहिरी खणणाऱ्यांकडं तर वेगळा धंदाच आहे. खाली पडलेल्या किंवा तुटून राहिलेल्या हत्याराला ते ‘फिश’ म्हणतात आणि ते काढायच्या कामाला ‘फिशिंग’. आपल्याकडं मासे धरायचा गळ आणि विहिरीतला गळ एकच शब्द, आणि तिकडंही तीच उपमा. मला हे फार आवडतं कारण ती एकदम बरोबर बसते, खालचं दिसत नाही, एका टोकाला आपण, आणि दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते फक्त हाताला जाणवतं.

आधी कवडशाचं बघू. सूर्य डोक्यावर नसेल तर ऊन विहिरीच्या काठाखाली थोडंसंच उतरतं, खाली सगळी सावली, म्हणून आरसा लागतो. पण पाण्यातली बादली जिथं दिसते तिथं ती नसते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळं सरळ वरून बघितलं तरी पाणी खरं असतं त्याच्या पाऊणपटच खोल दिसतं, १२ फूट पाणी असेल तर तळ ९ फुटांवर वाटतो, आणि काठावरून तिरकं बघितलं तर अजून उथळ. म्हणून नवीन माणूस दोर कमी सोडतो, गळ तळाला टेकायच्या आधीच फिरवायला लागतो आणि म्हणतो काही लागेना. जाणती माणसं डोळ्यापेक्षा दोरावर भरवसा ठेवायची, दोर ढिला पडला की गळ टेकला. आणि दुसरी गोष्ट, गळ एकदा तळावरून ओढला की गाळ उठतो, मग तासभर काही दिसत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त माहिती हातात असते ती पहिल्या प्रयत्नाच्या आधी. गाडीतही तेच, एखाद्या कडेवर कसाबसा टेकलेला पाना घाईत काडीने ढोसला की तो अजून खाली जातो आणि मग मघाशी होता तिथंच बरा होता असं वाटतं.

आता महाभारतातला तो प्रसंग आठवा. कौरव-पांडव पोरं खेळत असतात, चेंडू (कुणी विटी म्हणतं) आडात पडतो, कुणालाच काढता येत नाही, आणि द्रोणाचार्य गवताची एक काडी चेंडूत रुतवतात, तिच्या टोकात दुसरी, दुसरीत तिसरी, असं करत काड्यांची साखळी वरपर्यंत आणतात आणि चेंडू ओढून काढतात. नेम आणि मंत्राचा भाग बाजूला ठेवू. यांत्रिकीच्या नजरेनं त्यातली खरी गोम म्हणजे ते काड्यांनी चेंडू ढकलत नाहीत, ओढतात.

खराट्याची एक हीर घ्या. बोटभर तुकडा टेबलावर उभा धरून वरून दाबा, बऱ्यापैकी जोर सहन करतो. पूर्ण लांबीची हीर तशीच दाबा, लगेच कमान होते. पण तीच हीर दोन्ही टोकांना धरून ओढा, लांब असो की आखूड, तुटायला जवळपास तेवढाच जोर लागतो. याचं गणित १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने मांडलं, बारीक दांडा दाबाखाली कधी वाकेल ते लांबीच्या वर्गावर ठरतं, लांबी दुप्पट केली की वाकायला एक चतुर्थांशच जोर पुरतो. म्हणून लांबून काम करायचं असेल तर ओढणं हेच सगळ्यात भरवशाचं, आणि गळाला काठीऐवजी दोर असतो तो याच कारणानं. तिसरा मार्ग पिळण्याचा, तोही चालतो पण त्यालाही लांबी नडते, किलोमीटर-दोन किलोमीटर लांब स्टीलच्या पाइपला वरून फेरे दिले तर आधी पाइपच पिळला जातो आणि खालचं टोक बऱ्याच उशिरा फिरतं.

मग मॅग्नेट. कुठल्याही गॅरेजमध्ये अँटेनासारखी लांब होणारी, टोकाला छोटा चुंबक असलेली दांडी असते आणि सगळ्यांचा पहिला हात तिच्याकडंच जातो. हे चुंबक बहुतेक निओडिमियमचे, म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत साधारण एकाच वेळी सापडलेले, आणि आकाराच्या मानानं त्यांची ताकद जबरदस्त. पण ती ताकद अंगाला चिकटल्यावरची. चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं पडतं, आणि लोखंडाच्या बारक्या तुकड्याला तर आधी त्या क्षेत्रानं चुंबक बनवावं लागतं मग ओढता येतं, म्हणजे दोन्हीकडून मार. चुंबकाच्या आकाराच्या मानानं वस्तू लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर ओढ शंभरपटीपेक्षाही जास्त कमी होते. त्यामुळं पाना बोटभर अंतरावर असला तरी हलत नाही आणि आपल्याला वाटतं मॅग्नेट कमजोर आहे. कमजोर नसतो, टेकला पाहिजे.

दुसरी अडचण अशी की वाटेत सगळं लोखंडच. दांडी आत घातली की आधी बॉडीला चिकटणार, मग ब्रॅकेटला, ओढून काढली की झटक्यात तिसरीकडं. यावर साधा इलाज म्हणजे चुंबकावर प्लॅस्टिकची नळी अशी चढवायची की फक्त पुढचं तोंड उघडं राहील, कडेचा पत्रा दोन-तीन मिलिमीटर लांब राहिला तरी पुरतं, कारण वर सांगितलं तेच अंतराचं गणित इथं आपल्या बाजूनं काम करतं. आणि इंजिन गरम असेल तर थांबा, साध्या ग्रेडचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की कायमचा अशक्त व्हायला लागतो.

पण पडलेली वस्तू चुंबकाला लागते का हे आधी बघायला हवं, आणि इथंच बहुतेकांचा अर्धा तास जातो. क्रोम-व्हॅनेडियम स्टीलचे नेहमीचे पाने लागतात. पितळ, ॲल्युमिनियम, टायटॅनियम लागत नाहीत हे माहीत असतं, फसवतं ते स्टेनलेस स्टील. स्वयंपाकघरातली बरीच भांडी आणि बाजारातले बरेच स्टेनलेस बोल्ट ज्या स्टीलचे असतात, म्हणजे ३०४, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि निकेलमुळं लोखंडाचे अणू अशा रचनेत बसतात की ते चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ‘ए२’ कोरलेलं असेल तर तो याच जातीचा. तसाच दुसरा बोल्ट डब्यात असेल तर त्याला चुंबक लावून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. नाही चिकटला तर दांडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, नाहीतर तो बटण दाबल्यावर बोटं उघडणारा स्प्रिंगचा पंजा.

आता खोल जाऊ. बोअरमध्ये मोटर सोडताना पाना पडणं हे शेतकऱ्याच्या दृष्टीनं गाडीपेक्षा कितीतरी वाईट, कारण बोअर साडेसहा इंचांची, मोटर तिच्यात जेमतेम मावलेली, आणि मोटर आणि भिंत यांच्या फटीत पाना गेला की त्याची पाचर होते. पाचरीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, जितकं ओढाल तितकी घट्ट. अशा वेळी वर जोर लावण्यापेक्षा आधी थोडं खाली सोडून पाचर सैल करणं शहाणपणाचं. आणि काम चालू असताना तोंडावर गोणपाट टाकून ठेवलं असतं तर हे झालंच नसतं, तेलाच्या विहिरी खणायच्या रिगवरसुद्धा उघडं भोक झाकून ठेवायला झाकण असतं.

गंमत म्हणजे तेलवाले ही पाचरच उलटी वापरतात. तुटलेल्या पाइपावर वरून टोपीसारखं एक हत्यार चढवतात, त्याच्या आतली भिंत उतरती आणि त्यात दातेरी पाचरी, टोपी पाइपावर सहज सरकते, पण वर ओढली की पाचरी आत दाबल्या जाऊन पाइप धरतात, आपल्या सरकफासासारखं, भार वाढला की पकड वाढते. दुसरं हत्यार निमुळतं आणि आटे पाडलेलं, ते पाइपाच्या आत फिरवत घालायचं, ते स्वतःचे आटे पाडत रुतून बसतं. यात एक पथ्य आहे, फिरवायचं ते उजवीकडंच, कारण वरचे सगळे पाइप उजव्या आट्यांनी जोडलेले असतात, डावीकडं फिरवलं तर आपलाच पाइप मध्ये कुठंतरी सुटेल आणि एकाच्या जागी दोन मासे काढावे लागतील.

पण यातलं कुठलं हत्यार सोडायचं हे ठरवायला खाली काय दिसतंय ते कळायला हवं आणि दोन किलोमीटर खाली चिखलात कसला कॅमेरा आणि कसला कवडसा. त्यासाठी वापरतात शिसं. जड ठोकळ्याच्या बुडाशी मऊ शिशाचा थर असतो, तो सावकाश खाली सोडून पडलेल्या वस्तूवर एकदाच टेकवायचा आणि वर काढायचा. शिशावर ठसा उमटलेला असतो, पाइपाचं तोंड गोल आहे की चेपलंय, मधोमध आहे की भिंतीला टेकलंय, आणि त्या ठशावरून हत्यार निवडलं जातं. एकदाच टेकवायचा हे महत्त्वाचं, दोनदा टेकला तर दोन ठसे एकमेकांवर पडतात आणि काहीच वाचता येत नाही. हा माझ्या मते या सगळ्या विद्येतला सगळ्यात सुंदर भाग आहे, आंधळ्या अंधारात नुसत्या स्पर्शानं काढलेला फोटो.

आणि कधी कधी काढायचंच नाही हाही निर्णय असतो. रशियाच्या मुर्मान्स्क भागात कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये फक्त शास्त्रासाठी एक भोक पाडायला घेतलं, शेवटी ते १२,२६२ मीटरपर्यंत गेलं, रुंदी जेमतेम वीतभर. (आपल्या कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेलं भोक सुमारे ३ किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा.) १९८४ मध्ये १२ किलोमीटर ओलांडल्यानंतर तिथली पाइपांची माळ तुटली आणि जवळपास ५ किलोमीटर लांबीचा तुकडा खाली राहिला. शेवटी त्यांनी तो तिथंच सोडला आणि सुमारे ७ किलोमीटर खोलीपासून बाजूनं नवीन वाट काढून परत खणायला सुरुवात केली. पाच किलोमीटर काम गेलं, पण भोक वाचलं.

सोडून द्यायचं असेल तर ते माहीत असून सोडलेलं असावं. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या एका ए३८० विमानाच्या इंजिनात डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार आत राहून गेलं. हत्यार जागेवर नाही हे लक्षात आल्यावरही हरवलेल्या हत्याराचा शोध घ्यायची ठरलेली पद्धत सुरू न करताच विमान उड्डाणासाठी सोडलं गेलं, आणि ते हत्यार पोटात घेऊन विमान ३४ फेऱ्या, २९४ तास उडालं. १ जानेवारी २०२४ ला ते सापडलं तेव्हा उष्णतेनं आणि हवेच्या झोतानं वेडंवाकडं झालेलं होतं.

माझा पाना इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर आडवा पडला होता. मोबाइलचा टॉर्च लावला आणि बायकोच्या पर्समधला छोटा आरसा एका सळीला टेप लावून आत घातला, तेव्हा पान्याचं रिंगचं तोंड गिअरबॉक्सकडं वळलेलं दिसलं. मॅग्नेटला जाड स्ट्रॉचा तुकडा चढवला, तरी पाना उचलून वर येताना ट्रेच्या कडेला अडकून दोनदा सुटला, कारण मी तो मधोमध धरत होतो आणि तो आडवा होऊन येत होता. तिसऱ्यांदा टोकाला धरला, मग तो उभा झाला आणि फटीतून सरळ वर आला. आता त्याच्या रिंगमधून सुतळीचा वीतभर फास ओवून ठेवलाय, परत पडला तर आकड्याला धरायला काहीतरी पाहिजे.