पट्ट्यावरचा पंखा आणि वायरीवरचा पंखा

जुन्या फियाटचा किंवा जीपचा रेडिएटरमधलं पाणी निववणारा, इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा काढून विजेवरचा बसवावा का, हा प्रश्न गोव्यातल्या गॅरेजांत आजही निघतो. माझ्या मते त्याचं उत्तर पंख्यापेक्षा इंजिनाच्या मांडणीत आणि गाडीच्या विजेत जास्त आहे, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. तापलेलं पाणी आपसूक वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे, आणि मागून पट्ट्यावरचा पंखा वारा ओढी. पुढे पंप आला तेव्हा पंखा त्याच्याच पुलीवर बसला. इंजिन गाडीच्या लांबीत, त्याच्या तोंडाशी पुली, समोर रेडिएटर. अशा मांडणीत पंख्यासाठी वेगळी जागा शोधायचं कारणच नव्हतं. अँबॅसडर, फियाट 1100 आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, शिवाय जीप, सगळ्यांची रचना हीच.

खोट एकच, पण मोठी: हा पंखा इंजिनाच्या वेगाला बांधलेला. गाडी उभी असते तेव्हा वाऱ्याची खरी गरज, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत सावकाश फिरतो. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा पुरेसा असतो, तरी तो जोरात फिरून ताकद खातो. वेग दुप्पट झाला की पंख्याला लागणारी ताकद आठपट होते.

गोव्यात ही खोट फेरीबोटीच्या रांगेत कळायची. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी–बेती फेरीला पुन्हा गर्दी झाली. पुढच्या उन्हाळ्यातली आमची फियाट मला अजून दिसते. तापमानाचा काटा वर सरकला की बाबा इंजिन बंद करायचे, आणि रांग हलली की आम्ही दोघं भावंडं मागून ढकलायचो. बॉनेट उघडलं की गरम रबराचा वास यायचा. पट्ट्याचा ताण बाबा अंगठ्याने दाबून बघायचे, कारण तो तुटला तर पंखा, पंप आणि वीज बनवणारा डायनामो तिन्ही एकदम थांबणार.

मग विजेवरचा पंखा आधीच का आला नाही? कारण वीज कमी होती. जुना डायनामो आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन सावकाश फिरताना, जवळजवळ काहीच देत नसे, आणि एवढ्या पंख्याला दहा-वीस अँपिअर सहज लागतात. क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंटमध्ये सावकाश फिरणाऱ्या इंजिनावरही वीज देणारा अल्टरनेटर दिला, पुढे तो सर्वत्र पसरला आणि ही अडचण सुटत गेली.

विजेचा पंखा येण्याचं दुसरं कारण म्हणजे आडवं, गाडीच्या रुंदीत बसवलेलं इंजिन. 1959 च्या मिनीत इंजिन आडवं बसलं, पुली चाकाच्या बाजूला गेली, म्हणून रेडिएटरही तिकडेच नेला. पंखा मात्र पट्ट्यावरचाच राहिला. 1969 च्या फियाट 128 मध्ये रेडिएटर पुन्हा समोर आला आणि त्याला तापमानाच्या स्विचवर चालणारा विजेचा पंखा जोडला. आजच्या बहुतेक लहान गाड्यांची मांडणी तीच. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चं इंजिनही आडवं. इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरताना पाहून कित्येकांना तेव्हा गाडी बिघडली असं वाटायचं. एसी आल्यावर तर रेडिएटरपुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बसला आणि उभ्या गाडीतही वारा हवाच झाला.

पट्ट्यावरचा पंखा मात्र संपला नाही. लांबीत बसवलेल्या मोठ्या डिझेल इंजिनांवर तो व्हिस्कस क्लचसह, म्हणजे घट्ट तेलाने पंख्याला पकडणाऱ्या-सोडणाऱ्या जोडासह आला. क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि पुढे तापली की वळणारी, दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की गुंडाळी झडप उघडते, तेल पंख्याला पकड देतं. हवा निवली की पकड सुटते. सकाळी गाडी सुरू केल्यावर काही क्षण येणारी घरघर ही रात्रभर साचलेल्या तेलाची. भरलेली गाडी अनमोड घाट चढते तेव्हा या पंख्याला ना रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लागतो ना फ्यूज.

म्हणून जीपला किंवा जड डिझेल गाडीला मी पट्ट्यावरचा पंखाच ठेवीन, तोही चांगल्या क्लचसह. शहरात फिरणाऱ्या पद्मिनीला विजेवरचा शोभेल, पण आधी अल्टरनेटर, मग पंखा, आणि रिले व जाड वायर स्वतंत्र. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जोडांवर हिरवट थर धरतो. पावसाळा संपला की ते जोड उघडून घासून काढावेत, आणि तापमानाच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पंखा लगेच फिरतो का ते बघावं.