दादाभाई नौरोजी रोड: जुन्या इमारती आणि बाजारपेठेचं पुनरुज्जीवन

दादाभाई नौरोजी रोड, बोलताना नुसता डीएन रोड, हा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून सीएसएमटीवरून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा रस्ता. जुन्या इमारतींची निगा राखून मरगळलेली बाजारपेठ परत कशी उभी करतात यासाठी आपल्याकडे ज्या जागांची नावं घेतली जातात त्यातली ही एक, आणि गंमत म्हणजे इथलं सुरुवातीचं काम नवीन काही लावण्यापेक्षा आधी लावलेलं काढण्याचंच जास्त होतं.

रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि जागा मोकळी झाली, मग पुढच्या तीसचाळीस वर्षांत इथे एकेक इमारत उभी राहत गेली. एका टोकाला १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट, मध्ये वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं व्हीटी स्टेशन (म्हणजे आताचं सीएसएमटी) आणि त्याच्यासमोर त्यानेच बांधलेली महापालिकेची इमारत (१८९३), पुढे १८९८ ची जे. एन. पेटिट लायब्ररी, आणि शेवटी हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन. १८९६ च्या सरकारी नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर लोकांना चालायला कमानींखालचा फूटपाथ ठेवणं सक्तीचं झालं. म्हणून गॉथिक काय, निओक्लासिकल काय, इंडो-सारासेनिक काय, प्रत्येक इमारतीची तऱ्हा वेगळी पण खालची कमानींची रांग मात्र पुढे चालूच राहते. गिऱ्हाइकाला ऊन नाही पाऊस नाही, दुकानाच्या काचेपाशी निवांत उभं राहता येतं. मॉल नंतर आले, ही सोय आधीची आहे.

मग हे सगळं बिघडलं कसं, तर त्यात भाड्याचा मोठा वाटा आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली, पागडीची (आधी एकरकमी पैसे, मग नाममात्र भाडं) पद्धत रुजली, मालकाला मिळणारं भाडं इतकं किरकोळ की त्यात गळकं छप्परसुद्धा दुरुस्त होणार नाही, आणि भाडेकरू म्हणणार इमारत माझी नाही, मी कशाला खर्च करू. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दगड मात्र पडतोय. त्यात नरिमन पॉइंट झालं, नंतर बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मोठी ऑफिसं तिकडे जायला लागली आणि फोर्टच्या, म्हणजे या जुन्या किल्ल्याच्या भागातल्या, वरच्या मजल्यांवर धूळ साचायला लागली.

अशा रस्त्यावरची एखादी कमान जवळून बघितली तर काय दिसायचं: कमानीच्या अर्ध्या गोलावर आडवा ठोकलेला ग्लोसाइन (आतून दिवा लागणारा) बोर्ड, त्याच्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासचा बोर्ड, कोरलेल्या पानाफुलांत भोकं पाडून बसवलेला एसीचा डबा, त्याचं पाणी खालच्या दगडावर, आणि खांबाला दुकानाच्या रंगाशी मॅच होणारा ऑइल पेंट. शेजारच्याचा बोर्ड मोठा म्हणून आपला त्याहून मोठा. सगळेच मोठे झाल्यावर कुणाचाच वाचता येईना.

मुंबईची वारसा नियमावली, म्हणजे जुन्या इमारती जपायचे नियम, १९९५ ची, देशातली अशी पहिली. ती आल्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा इमारतीगणिक अभ्यास केला. त्यातून जे नियम निघाले ते अगदी साधे: बोर्ड कमानीच्या आत बसवायचा, खांब आणि नक्षी झाकायची नाही. सोबत फूटपाथ, दिवे, बाकं यांचाही विचार होता. खरी मेहनत नकाशे काढण्यात नव्हती, दुकानदारांना पटवण्यात होती, कारण बोर्ड लहान करायला सांगणं म्हणजे गल्ल्यावर हात घालण्यासारखंच. पण काहींनी पदरचे पैसे घालून बोर्ड उतरवले, कमान मोकळी झाल्यावर दुकान लांबून दिसायला लागलं, आणि मग बाजूचे तयार झाले. व्यापारी नियमापेक्षा शेजाऱ्याच्या गर्दीवर लवकर विश्वास ठेवतो. पुढे हेरिटेज माइल असोसिएशन ही स्थानिकांची संघटनाही उभी राहिली. २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी स्टेशनची इमारत जागतिक वारसा यादीत गेली.

दगडाच्या कामात घाई चालत नाही. मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा चुनखडीचा दगड, काळा बसाल्ट, असं मिश्रण या भागात दिसतं. त्याच्या सांध्यात सिमेंट भरलं किंवा वर ऑइल पेंट मारला की ओल आत अडकते आणि काही वर्षांत पोपडे सुटतात, म्हणून रंग हळूहळू काढायचा, सांधे चुन्यानेच भरायचे. चुना मळणारे आणि दगडावर हात बसलेले कारागीर कमी, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. पेटिट लायब्ररीचं असं काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी केलं, २०१५ मध्ये त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

पैशाचं गणित बदललं ते थोडं कायद्यानेही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या कंपन्यांना भाड्याचं संरक्षण राहिलं नाही, त्यामुळे निदान काही मालकांना बाजारभावाचं भाडं मिळायची वाट उघडली. शेजारच्या काळा घोडा भागात वेगळी युक्ती चालली, १९९९ पासून दर वर्षी कला महोत्सव आणि त्याच्या पैशातून तिथल्या इमारतींची, रस्त्यांची कामं.

परदेशात बॉस्टनचं क्विन्सी मार्केट या बाबतीत प्रसिद्ध. १८२६ ची ग्रॅनाइटची मंडई, ती दुरुस्त करून १९७६ मध्ये नव्याने उघडली आणि गर्दी लोटली, पण पुढे ते पर्यटकांचंच ठिकाण झालं अशी टीका होते. डीएन रोडवर तसं झालं नाही, इथे आजही चष्मा, पुस्तकं, मोबाइलचं कव्हर, वडापाव सगळं मिळतं. फेरीवाल्यांचा वाद मात्र मिटलेला नाही. कमान मोकळी हवी हे खरं, पण ऑफिसातून निघालेला माणूस लोकल पकडायच्या आधी रुमाल त्यांच्याकडूनच घेतो हेही खरंच. आणि कामाचा भर दर्शनी भागावर होता, बोर्ड सरळ झाला म्हणून वरचं छप्पर गळायचं थांबत नाही.

मेट्रो ३ च्या खोदकामात २०१७ मध्ये पेटिट लायब्ररीचा नक्षीचा एक तुकडा खाली आला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. ऑक्टोबर २०२५ पासून ती मेट्रो या रस्त्याखालून धावतेय. सीएसएमटी नाहीतर हुतात्मा चौक स्टेशनातून वर आलं की भर पावसातही बरंचसं अंतर छत्री न उघडता कमानींखालून जाता येतं, मध्ये कुठे टेबल मांडलेलं, कुठे पार्सलचे खोके, तेवढे चुकवायचे.