पावसाळी सायकल-सफर

पावसाळी सायकल-सफर : मोसमी पावसात, रोज नव्या गावी मुक्काम करत आणि सामान सायकलवरच वाहून नेत केलेला लांब पल्ल्याचा प्रवास. देशात असा प्रवास अनेक ठिकाणी होतो. पण पाऊस आणि प्रकृती या दोहोंची खरी परीक्षा पाहणारा मुलूख म्हणजे कोकण किनारा आणि त्याला घाटांनी जोडलेला सह्याद्री. या नोंदीत मुख्यतः त्याच भागाचा विचार केला आहे. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईपर्यंतचा भाग सोडतो. या काळात किनाऱ्यावर साधारण २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तो याच्या दुपटीपर्यंत जातो.

लांबच्या सायकल-प्रवासाची आपली जुनी परंपरा पाऊस चुकवण्याची आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला मुंबईहून निघाले ते ऑक्टोबर १९२३ मध्ये, म्हणजे पाऊस सरल्यावर. १९२८ मध्ये ते परतले. मात्र वाट जगभरची असली की ऋतू निवडता येत नाही. १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रवास करणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सला लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रस्ता ऐन पावसाळ्यातच कापावा लागला. महाराष्ट्रात अलीकडे ही चाकोरी मोडली ती पंढरपूरच्या सायकलवारीने. आषाढीच्या आधी नाशिक, पुणे आणि इतर शहरांतून शेकडो सायकलस्वार पंढरीला जातात. आषाढीची तिथी पावसाला विचारून येत नाही, त्यामुळे भिजत चालवण्याची कला बऱ्याच जणांनी याच वाटेवर शिकून घेतली आहे.

ओल, वारा आणि थंडी

कोकणातल्या पावसात अंग कोरडे ठेवण्याचा अट्टहास व्यर्थ असतो. चढावर शरीर इतके तापते की चांगल्यात चांगल्या रेनकोटातही माणूस आतून घामाने भिजतो. मग रेनकोट घालायचा कशाला? त्याचे खरे काम वारा अडवण्याचे आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, आणि त्यावर वारा लागला की हे नुकसान आणखी वाढते. दाणोलीहून आंबोलीचा चढ चढताना रेनकोट पिशवीत असला तरी चालेल. माथ्यावर थांबताच, उताराला लागण्याआधी, तो अंगावर आलाच पाहिजे. बहुतेक नवखे लोक नेमके उलटे करतात. चढभर रेनकोटात उकडून निघतात आणि माथ्यावर तो काढून मोकळ्या अंगाने घाट उतरतात.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या अवस्थेला अतिशीतता म्हणतात. ती फक्त हिमालयात होते हा गैरसमज आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हवा १८-२० अंशांवर असते. उपाशी, दमलेल्या, चिंब भिजलेल्या आणि तासभर उतारावर वारा खाणाऱ्या माणसाला एवढी थंडी पुरते. आधी हुडहुडी भरते. मग बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. त्यानंतर बोलणे अडखळते आणि माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. हुडहुडी थांबूनही अंग गार आणि माणूस सुस्त असेल तर ते बरे झाल्याचे नव्हे, धोका वाढल्याचे लक्षण आहे. अशा वेळी आडोसा गाठावा, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, कांबळे पांघरावे आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा. दारू देऊ नये, कारण तिने उब वाटते पण कातडीतून उष्णता आणखी निसटते. हातपाय जोराने चोळू नयेत. सोबत्यांनी एकमेकांशी बोलत राहावे, कारण आपले बोलणे अडखळते आहे हे स्वतःला कळत नाही.

म्हणूनच पावसाळी सफरीचा एक नियम बाकी सगळ्या नियमांच्या वरचा मानावा : कपड्यांचा एक जोड कायम कोरडा असलाच पाहिजे. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून गुंडाळून, सामानात सर्वांत आत ठेवावा आणि फक्त मुक्कामाच्या छताखालीच बाहेर काढावा. सकाळी तो परत बांधून कालचाच ओला जोड अंगावर चढवायचा, हे मनाला फार जड जाते. पहिली दहा मिनिटे अंगावर शहारे येतात. पण ‘आजचा दिवस कोरडा घालू’ म्हणून ज्याने तो जोड रस्त्यावर भिजवला, त्याला त्या रात्री ओल्यातच झोपावे लागते, आणि आजारपणाची सुरुवात बहुतेक वेळा अशाच रात्री होते.

कातडी, पाय, हात

सफर अर्ध्यावर सोडायला लावणारे दुखणे बहुधा मोठे नसते. ते बुडाखालचे असते. ओली पॅडची (बुडाखाली गादी शिवलेली) सायकल-चड्डी, सीटवरचे घर्षण आणि घाम यांनी कातडी सोलवटते, केसांच्या मुळाशी जंतू शिरतात आणि गळू होते. रोज मुक्कामी पोचताच, चहाच्याही आधी, साबणाने धुऊन अंग पूर्ण कोरडे करावे. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये. पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल सकाळीच लावावे, सोलवटल्यावर नव्हे. पॅडच्या दोन चड्ड्या आळीपाळीने वापरल्या तरी कोकणात जुलैमध्ये त्या रात्रभरात वाळत नाहीत. कोरड्या पंच्यात गुंडाळून, पायाखाली तुडवून पिळल्या तर निम्मे काम होते.

जांघेत आणि काखेत गजकर्ण येते. त्यावर औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम लावण्याची सवय घातक आहे. यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे चिवट होते. फक्त बुरशीनाशक असलेले मलम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

पायांच्या बोटांमधल्या चिखल्या शेतकऱ्याला नव्या नाहीत. भातलावणीत त्या घरोघर दिसतात. दिवसभर ओल्या बुटांत राहिलेला सायकलस्वाराचा पायही असाच पांढरा पडून सुरकुततो आणि भेगाळतो. पट्ट्यांच्या सँडल बुटांपेक्षा बऱ्या, कारण त्यांतून पाणी निथळते. बूटच घालायचे असतील तर रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने एकदा बदलावेत. झोपताना पाय उघडे ठेवावेत.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येणे हे हँडलवर तळहाताच्या कडेचा भार पडून तिथली नस दबल्याचे लक्षण आहे. पावसात माणूस भीतीने हँडल घट्ट धरतो, त्यामुळे हा त्रास वाढतो. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, नाहीतर जड गिअरमध्ये चढ रेटलेला असतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर प्रत्येक खाडीपाशी उतार आणि लगेच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढ, असा खेळ दिवसभर चालतो. तिथे हलका गिअर आणि वेगाने फिरणारे पाय हेच गुडघ्याचे औषध.

पाणी आणि पोट

आभाळातून इतके पाणी पडत असताना माणूस पाणी प्यायला विसरतो. तहान जाणवत नाही, घाम पावसात मिसळून जातो आणि थंडीने लघवी वारंवार होते. संध्याकाळी डोके ठणकले आणि लघवी गडद झाली की तो दिवसभराचा कोरडेपणा असतो. याउलट, हौसेने नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. त्यातही डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ दिसतो. दर तासाला थोडे पाणी आणि सोबत खारट काहीतरी, हा मध्यममार्ग.

पावसाळ्यात विहिरी आणि नळयोजना गढूळ होतात. पाणी फडक्याने गाळून उकळावे आणि खळखळून उकळी येऊ द्यावी. जुलाब लागल्यास जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. कोकणातल्या कुठल्याही घरात मागितली तर मीठ घातलेली तांदळाची पेज मिळते, आणि आजारी पोटाला तिच्याइतके मानवणारे दुसरे काही नाही. जुलाबात रक्त पडले किंवा सोबत ताप आला तर डॉक्टर गाठावा.

रस्ता

पहिल्या सरींनी रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते. तेव्हा डांबर सर्वांत निसरडे असते. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि रेल्वेचे रूळ सरळ, ब्रेक न दाबता ओलांडावेत. रिमवरचा ब्रेक ओला असताना आधी पाणी पुसतो आणि मगच धरतो, म्हणून तो लवकर आणि हलका दाबायला सुरुवात करावी. जांभ्याच्या तांबड्या चिखलात कण असतात. ते ब्रेकचे रबर आणि साखळी खाऊन टाकतात. रोज संध्याकाळी साखळी पुसून तेल देणे हा मुक्कामाचाच भाग समजावा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल थांबलीच पाहिजे, मग पाणी घोट्याएवढे का असेना. खालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. घाटात दरडी कोसळतात. समुद्र खवळला की दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्यांवरच्या फेरीबोटींचा भरवसा राहत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ११५.६ मिमीपासून २०४.४ मिमीपर्यंतचा पाऊस ‘अतिमुसळधार’ ठरतो. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी मुक्काम हलवू नये. आखणीत दर चार-पाच दिवसांमागे एक रिकामा दिवस आधीच धरलेला असला, तर थांबताना हार वाटत नाही आणि अंगात ताप घेऊन पुढचे गाव गाठायचा मोहही होत नाही.

मुक्कामाला देवळाची किंवा शाळेची पडवी मिळाली तर जमिनीवर तसेच झोपू नये. पावसाने बिळे भरतात आणि साप कोरड्या जागी येतात. मण्यार रात्री झोपलेल्यांना चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही नीट दिसत नाही. मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. दंशाची शंका आली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अवयव न हलवता ग्रामीण रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधण्यात किंवा चिरा देण्यात वेळ घालवू नये.

परतल्यानंतरचा ताप

काही आजार सफर संपल्यावरच दिसतात. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगेतून किंवा खरचटलेल्या गुडघ्यातून शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली. कोकणात तो दरवर्षी आढळतो. चिखल्या आणि जखमा इतक्या जपायच्या त्या यासाठीच. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्याभरानेही दिसतात : जोराचा ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या ठणकणे. सायकलस्वार पोटऱ्यांच्या दुखण्याचा दोष चढांना देतो आणि दोन मोलाचे दिवस घालवतो. लवकर सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो, उशीर झाल्यास मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात. डेंग्यूची शक्यता संपेपर्यंत तापावर पॅरासिटामॉलच घ्यावे, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नव्हे. आणि डॉक्टरांना नुसता ताप सांगू नये. कुठल्या तारखेला, कुठल्या गावाजवळ, कुठल्या पाण्यातून सायकल ढकलत नेली, तेही सांगावे.