लिलीचा मणका

१९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर असताना त्यांचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची कंबर धरली. आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या मालिकेत त्यानं ३१ बळी घेतले होते आणि वय होतं जेमतेम २३. तपासणीत कमरेच्या मणक्यांना तडे गेल्याचं निघालं. वेगवान गोलंदाजासाठी त्या काळी हे निदान म्हणजे कारकीर्द संपल्यात जमा होती.

कंबरेतला प्रत्येक मणका पुढच्या बाजूला जाड आणि भक्कम असतो. मागच्या बाजूला मात्र, वरच्या आणि खालच्या सांध्यांच्या मधे, हाडाची एक अरुंद पट्टी असते. डॉक्टर तिला ‘पार्स’ म्हणतात. तडा जातो तो इथे, बहुधा सगळ्यात खालच्या दोन मणक्यांत. गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त जोर उलटा येतो. ८० किलोच्या माणसाला ४०० किलोंचा दणका. नेमक्या त्याच क्षणी धड मागे ताणलेलं, एका कुशीला झुकलेलं आणि वळत असतं. उजव्या हातानं टाकणारा डावीकडे झुकतो, म्हणून त्याचा तडा सहसा डाव्या बाजूला सापडतो. दिवसभरात २० षटकं टाकली, तर असे १२० दणके.

एका दणक्यानं हाड मोडत नाही. सूक्ष्म भेगा पडतात, आणि त्या बुजवताना शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं, मग नवं घालतं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, नवं हाड टणक व्हायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षाही कमजोर असतं. त्यामुळे एखाद्या सामन्यात अचानक भरमसाट षटकं टाकणाऱ्याला धोका त्या दिवशी नसतो, पुढच्या तीन-चार आठवड्यांत असतो. दौऱ्याची आखणी करणारे नेमकं हेच विसरतात.

शैलीचा भागही मोठा आहे. मागचा पाय क्रीजला समांतर आणि खांदा फलंदाजाकडे, ही आडवी शैली. पायाची बोटं फलंदाजाकडे आणि छातीही उघडी, ही समोरची शैली. दोन्ही चालतात. घात करते ती मिश्र शैली: पाय आणि कंबर समोर, पण खांदे मागाहून आडवे फिरवले जातात. कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे गेले की पिळवटणं सगळं त्या अरुंद पट्टीवर येतं. लिलीच्याच पर्थ शहरातल्या विद्यापीठात ब्रूस इलियट आणि सहकाऱ्यांनी पुढे हे मोजून दाखवलं.

लिलीला सहा आठवडे धडाभोवती प्लास्टर घालून ठेवलं होतं. पण त्याला उभं केलं ते त्यानंतरच्या कामानं. त्याच विद्यापीठातले फ्रँक पाइक यांनी पळणं, वजनं, पोटाचे आणि पाठीचे स्नायू यांचा पद्धतशीर कार्यक्रम आखून दिला. १९७४-७५ च्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत, तो परतला आणि त्यानं २५ बळी घेतले. ही जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण हाड जिद्दीनं लवकर भरत नाही, आणि मधला वेळ त्यानं हाडाला दिला, हे जास्त महत्त्वाचं. पुढे निव्वळ वेगावरची भिस्त कमी करून त्यानं लेग-कटर, म्हणजे टप्पा पडल्यावर लेगकडून ऑफकडे वळणारा वेगवान चेंडू, हाताशी धरला. डिसेंबर १९८१ मध्ये मेलबर्नला त्यानं वेस्ट इंडिजच्या लान्स गिब्जचा सर्वाधिक ३०९ कसोटी बळींचा विक्रम मागे टाकला. १९८४ मध्ये थांबला तेव्हा ७० कसोटींत ३५५ बळी होते, त्यातले बहुतेक दुखापतीनंतरचे.

चेन्नईतल्या एमआरएफ पेस फाउंडेशन या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत १९८७ पासून त्यानं भारतीय पोरांना घडवलं. श्रीरामपूरचा झहीर खान तिथूनच पुढे आला. वेगवान गोलंदाज व्हायला गेलेल्या सचिन तेंडुलकरला मात्र त्यानं फलंदाजीच करायला सांगितलं, ते बरंच झालं.

गावोगावच्या अकादम्यांत १४ ते १९ या वयातली मुलं सर्वाधिक धोक्यात असतात, कारण त्यांचे मणके अजून पक्के झालेले नसतात. गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, कंबरेत बोटानं दाखवता येईल असं दुखणं ही पहिली खूण. त्याच बाजूच्या पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कळ आली, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवायची. साधा एक्स-रे सुरुवातीला बहुतेकदा स्वच्छ येतो आणि ‘स्नायू दुखावलाय’ म्हणून मलम चोळत महिना जातो. तडा जाण्याआधीची हाडातली सूज एमआरआयमध्ये दिसते. तेव्हाच सापडलं तर काही महिन्यांची विश्रांती पुरते. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही, म्हणून परतताना आधी चालत येऊन एक-दोन षटकं, तीही दिवसाआड. मग अर्धा रनअप, आणि पूर्ण वेग सगळ्यात शेवटी.